बोट लागली!

निनादचं लग्न डिसेंबरात आहे. हॉल ठरलाय, केटरर ठरलाय, मेहंदीवालीसुद्धा ठरलीय. गाडी अडलीय ती हनिमूनवर. परवा लंच टाइमला मी डबा उघडायच्या आत त्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. स्क्रीनवर पांढरंशुभ्र जहाज, निळंशार पाणी, रेलिंगला टेकलेलं गोरंगोमटं जोडपं आणि खाली लाल अक्षरांत ‘ईझी ईएमआय’.

‘तू जाऊन आलीयस ना क्रूझवर? एका वाक्यात सांग. जाऊ की नको?’

एका वाक्यात सांगता आलं असतं तर हा कॉलम कशाला लिहिला असता, बॉस!

तर ऐका. मागच्या वर्षी आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. माझ्या हातात बोनस होता आणि डोक्यात एक जुनी गोष्ट होती. बाबा मूळचे वेंगुर्ल्याचे. लहानपणी मुंबईहून मे महिन्याच्या सुट्टीत गावी जायचे ते बोटीने. भाऊच्या धक्क्यावर ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या रिकाम्या करंड्या आणि अख्खं कुटुंब. डेकवर चादर अंथरून जागा धरायची. रात्रभर वारा खायचा. वेंगुर्ल्याला बोट किनाऱ्यापर्यंत येत नसे. लांब समुद्रात उभी राहायची आणि माणसं हेलकावणाऱ्या होडीत उतरायची. आजी नऊवारी सावरत, हातात लिंबू धरून उतरायची. लिंबू कशासाठी? तर बोट लागू नये म्हणून. बोट धक्क्यालाही लागते आणि पोटालाही लागते, ही सोय फक्त मराठीतच असावी.

मी शाळेत जायला लागेपर्यंत ती बोट बंद पडलेली. पुढे १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि बोटीची आठवण काढणारेही कमी झाले. बाबा मात्र दर मेमध्ये काढायचे. आम्ही ‘हो हो, लिंबू’ म्हणून हसायचो. म्हणून ठरवलं, बाबांना पुन्हा बोटीने न्यायचं. मुंबई-गोवा-मुंबई, तीन रात्री, चकाचक क्रूझ. बिल माझं.

वेबसाइटवर खोल्यांचे चार प्रकार होते. बिनखिडकीची, खिडकीवाली, बाल्कनीवाली आणि आपल्या ऐपतीबाहेरची. बिनखिडकीची आणि खिडकीवालीत माणशी साडेआठ हजारांचा फरक. तिघांचे साडेपंचवीस. मी कॅल्क्युलेटर काढला आणि स्वतःला समजावलं, ‘खोलीत बसायचंय कोणाला? झोपण्यापुरतं तर जायचं.’ बिनखिडकीची घेतली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खरंच खूप आहे.

पहिली गोष्ट, बॅग एकदाच उघडायची. टर्मिनलवर सामान दिलं की ते थेट खोलीच्या दाराशी. दर दोन दिवसांनी नवं हॉटेल, नवा चेक-आउट, ड्रायव्हर कुठे अडकलाय याची वाट बघणं, सगळं बाद. आईचे गुडघे गेली सहा वर्षं कुरकुरताहेत. महाबळेश्वरला ती एका पॉइंटवर गाडीतच बसून राहिली होती. इथे जिथे जायचं तिथे लिफ्ट. थिएटर, जेवण, डेक, सगळं पायाखाली. ती तीन दिवस कोणालाही ‘तुम्ही पुढे व्हा’ म्हणाली नाही. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डोशाच्या काउंटरसमोर उभी राहून एकदम म्हणाली, ‘आज काय करायचं हा प्रश्न कालपासून पडलाच नाही गं मला.’ चाळीस वर्षांत पहिल्यांदाच असावं. खरं सांगते, त्या एका वाक्यावर माझे निम्मे पैसे वसूल झाले.

दुसरी गोष्ट आपल्यासारख्यांसाठी. रेंज जाते! किनारा मागे पडला की फोनचे दांडे एकेक करून गळतात आणि मग फक्त एक फुली उरते. जहाजाचं वाय-फाय असतं, पण पैसे मोजून. मी ते घेतलं नाही आणि ऑफिसला ‘समुद्रात असेन’ असा ऑटो-रिप्लाय लावला. माझ्या टीम लीडने तरीही ‘जस्ट अ स्मॉल थिंग’ असा मेसेज टाकला होता. तो मला तिसऱ्या दिवशी मुंबई दिसायला लागल्यावर मिळाला. तोवर ते स्मॉल थिंग त्याचं त्यानेच केलं होतं.

खाणं अफाट. सकाळचे पोहे, दुपारची बिर्याणी, मध्यरात्रीचा पिझ्झा. जैन काउंटर वेगळा. संध्याकाळी शो, त्यानंतर डीजे. स्वीमिंग पूल फोटोत असतो त्याच्या निम्मा आणि त्यात माणसं फोटोच्या चौपट, पण चालायचंच. जहाज हलतंय हेही फारसं कळत नाही. आईने सोबत आणलेला आलेपाक आम्ही नुसता खाऊ म्हणून संपवला.

आता दुसरी बाजू.

निघण्याआधी सुरक्षेची ड्रिल असते. कुठे जमायचं, लाइफ जॅकेट कसं बांधायचं. आमच्या शेजारचा ग्रुप तिथेही सेल्फी काढत होता. आई मात्र टक लावून ऐकत होती. तिचं माहेर अलिबागकडचं. ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ ला, मुंबईहून रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आईचा जन्म त्यानंतरचा, पण त्या पट्ट्यातल्या घरांतून ते नाव अजून हळू आवाजात घेतात. तिने जॅकेटची दोरी दोनदा बांधून पाहिली आणि मग मला बांधायला लावली. मला तेव्हा जाम लाज वाटली. घरी आल्यावर वाचलं, की १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटली, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल झालेलीच नव्हती. चोवीस तासांत करा, असा तेव्हाचा नियम होता. आता नियम बदललाय, ड्रिल निघण्याआधी किंवा निघताक्षणी. तेव्हा सेल्फीवाल्यांनो, ती पंधरा मिनिटं द्या.

पैशाचं गणित सगळ्यांत गंमतशीर. जाहिरातीत ‘सगळं समाविष्ट’. सगळं म्हणजे काय, ते जहाजावर गेल्यावर कळतं. बुफे समाविष्ट, कोपऱ्यातल्या कॅफेतली कॉफी नाही. पाणी समाविष्ट, कोल्ड्रिंक नाही. शो समाविष्ट, स्पा नाही, खास रेस्तराँ नाही, गोव्यातली सहल नाही. वर सर्व्हिस चार्ज, दर माणशी, दर रात्री. आणि नोटा कुठेच काढाव्या लागत नाहीत. गळ्यातलं कार्ड टेकवायचं की झालं. ‘टुंग’ असा इतका गोड आवाज येतो, की पैसे गेल्यासारखं वाटतच नाही. शेवटच्या सकाळी दाराखालून बिल सरकवलं गेलं, एकोणीस हजार चारशे. म्हणजे खिडकीचे वाचवलेले साडेपंचवीस आठवतायत ना? त्यातले तीन चतुर्थांश टुंग टुंग करत गेले.

गोवा? गोवा म्हणजे मुरगावच्या बंदरात सकाळी आठला लागायचं, रांगा आटपून दहाला खाली उतरायचं आणि चारच्या आत परत. जहाज कोणासाठी थांबत नाही, हे तीन वेळा बजावतात. पणजीला जाऊन यायचा विचार होता, पण बाबा घड्याळ बघणारे. वास्कोत एका खानावळीत सुरमईची थाळी खाल्ली, काजू घेतले आणि दोनलाच जहाजावर हजर. गोवा पाहायला क्रूझ घेऊ नका. क्रूझमध्ये बंदरं ही मधल्या सुट्टीसारखी असतात. आणि तीही मिळतीलच असं नाही. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटींतून उतरवतात. समुद्र खवळला की ‘सॉरी, आज उतरणं नाही’. अटींमध्ये ते बारीक अक्षरांत लिहिलेलंच असतं.

पण मला सांगायचंय ते पहिल्या रात्रीबद्दल.

बिनखिडकीच्या खोलीत दिवा घालवला की काळोख म्हणजे काय ते समजतं. डोळे उघडे की मिटलेले, फरक नाही. मी वरच्या बर्थवर, आई-बाबा खाली. कधीतरी जाग आली, फोन पाहिला, पाच वाजून दहा मिनिटं. खाली वाकून टॉर्च मारला तर बाबांचा पलंग रिकामा. बाथरूम रिकामं. चपला नाहीत.

रेंज नाही. फोन करणार कुठे? आईला न उठवता बाहेर पडले. गालिचा घातलेला लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना सारखीच दारं, माणूस नाही. लिफ्टने वर गेले. कॅफे बंद. पूलवर जाळी. बाबा सत्तरीचे, रात्री डोळ्यांना कमी दिसतं, डेक ओला. मनात काय काय आलं ते लिहीत नाही. जहाजावरचा माणूस हरवला तर तो दोनच ठिकाणी असू शकतो, हे तुम्हालाही कळतंच.

ते मागच्या उघड्या डेकवर सापडले. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, दोन्ही हात रेलिंगवर. शेजारी युनिफॉर्ममधला एक मुलगा, हातात डेक धुवायचा पाइप. पाणी बंद करून दोघंही काळोखात एकाच दिशेला बघत होते.

‘बाबा!’ मी ओरडलेच.

त्यांनी मागेही न बघता हात वर केला, थांब म्हणून. ‘वेंगुर्ल्याचा दिवा यायला हवा आता.’

वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकांचा एक पुंजका आहे, त्यावर दीपस्तंभ आहे. लहानपणी तो दिसला की आजी ट्रंका मोजायला घ्यायची. बाबा साडेतीनपासून जागे होते. खोलीत पडून बाहेर काय चाललंय हे कळेना, रत्नागिरी गेली की मागे आहे कळेना, म्हणून वर आले होते. त्या मुलाने त्यांना आधी आत जायला सांगितलं, मग विचारलं, ‘खंयचे तुमी?’ आणि मग काय! तो शिरोड्याचा निघाला. वेंगुर्ल्याहून थोडं खाली.

तेवढ्यात लांबवर एक बारीक उजेड लुकलुकला. ‘तो बघ!’ बाबा म्हणाले. मुलगा म्हणाला, ‘ट्रॉलर असतलो, काका.’ दोघांचा वाद जुंपला. बाबांनी सेकंद मोजले. मुलानेही मोजले. उजेड कधी दिसे, कधी नाही. मला विचाराल तर तो ट्रॉलर असावा. पण बाबांनी त्याला हात जोडले, आणि मग तो मुलगाही काही बोलला नाही.

थोड्या वेळाने तोच म्हणाला, की आधी तो परदेशी कंपनीच्या जहाजावर होता, आठ-आठ महिन्यांची कॉन्ट्रॅक्टं. पहिली मुलगी झाली तेव्हा तो कॅरिबियनमध्ये होता. पाच महिन्यांची झाल्यावर पाहिली. म्हणून पगार कमी असला तरी मुंबईची लाइन घेतली, घराजवळ म्हणून. ‘आता आठवड्यातून दोनदा घरासमोरून जातंय,’ तो म्हणाला. ‘उतरूक मात्र गावना नाय.’ आणि पाइप सोडला, कारण सहाच्या आत डेक कोरडा व्हायला हवा होता.

माझ्या क्रूझच्या फायद्या-तोट्यांच्या यादीत हा मुलगा कुठे लिहायचा ते मला अजून कळलेलं नाही. पण तो आहे, आणि एकटा नाही. जगभरच्या क्रूझवर कोकणातली, गोव्यातली, वसई पट्ट्यातली पोरं शेकड्यांनी आहेत. कॉन्ट्रॅक्ट साधारण सहा ते नऊ महिन्यांचं, आठवड्याची सुट्टी हा प्रकार नाही. बहुतेक मोठी जहाजं बहामा, पनामा, बर्म्युडा अशा देशांचे झेंडे लावतात, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. त्यामुळे जहाजावर कायदा झेंड्याच्या देशाचा. खलाशांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यानुसार चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती द्यावी लागते. उलट वाचा म्हणजे कळेल, चौदा तास काम नियमात बसतं. आणि आपण अप्रेझलला ‘वर्क-लाइफ बॅलन्स’वर भांडतो!

‘कॉन्कॉर्डिया’वर ३२ माणसं गेली. त्यांतला एक मुंबईचा वेटर होता. सगळ्यांत शेवटी सापडलेले अवशेष त्याचेच, नोव्हेंबर २०१४ मध्ये, जवळजवळ तीन वर्षांनी. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामाला ‘डायमंड प्रिन्सेस’ अडवून ठेवली, तेव्हा प्रवासी खोल्यांत बंद होते आणि त्यांना ताटं पोचवणारे कर्मचारी एकाच डायनिंगमध्ये जेवत होते, खोल्या वाटून राहत होते. जहाजावरच्या ३,७११ जणांपैकी सातशेहून अधिक लोकांना कोविड झाला. कर्मचाऱ्यांत भारतीय १३० च्या वर होते. टिप देताना हात आखडावासा वाटला तर हे आठवा.

पर्यावरणाचं लेक्चर देणार नाही, थोडक्यात सांगते. ही जहाजं म्हणजे तरंगतं शहर, आणि शहर चालवायला इंधन लागतं. जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा १ जानेवारी २०२० पासून साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली, हे बरं झालं. व्हेनिसने १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना सेंट मार्क्सच्या समोरून जायला बंदी घातली. चार हजार पर्यटक एकदम उतरतात, फोटो काढतात आणि जेवायला जहाजावर परत जातात, यात गावाला काय मिळणार? आम्ही वास्कोत थाळी तरी खाल्ली.

‘इतकं नको गं,’ निनाद म्हणाला. ‘मला बायकोला घेऊन जायचंय, प्रबंध नाही लिहायचा.’

बरं बाबा. मग कामाचं. क्रूझ हा मुंबईत नवा प्रकार नाही. २००५ मध्ये ‘सुपरस्टार लिब्रा’ आली होती, तेव्हा आपल्या सीनियर्सनी जाऊन फोटो प्रिंट करून आणले होते. २०१९ मध्ये ‘कर्णिका’ आली, कोविडात धंदा बसला आणि २०२० मध्येच ती अलंगला भंगारात गेली. २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’ची ‘एम्प्रेस’ मुंबईहून निघू लागली; ते जहाज १९९० चं, आधी कॅरिबियन गाजवून आलेलं. तेव्हा जाहिरातीत ‘आयकॉन ऑफ द सीज’ बघून मुंबईत ती शोधू नकोस. ते २०२४ च्या जानेवारीत निघालेलं, अडीच लाख टनांच्या आसपासचं प्रकरण आहे, साडेसात हजार प्रवासी मावतात. मायामीला जावं लागेल. परदेशी क्रूझ घ्यायची तर व्हिसा नीट बघ. एक बंदर शेंगेनमध्ये, पुढचं बाहेर आणि तिसरं पुन्हा आत, असं असेल तर मल्टिपल एंट्री लागते, नाहीतर चढूच देणार नाहीत. मेडिकल इन्शुरन्स घे, जहाजावरचा डॉक्टर फुकट नसतो. भाडं दोघांच्या हिशेबाने असतं, एकट्याला जवळजवळ दोघांचं पडतं. तो प्रश्न तुझा आता सुटलाच आहे.

‘आणि ईएमआय?’

माझं मत विचारशील तर नको. बारा महिने हप्ता भरायचा आणि तीन रात्री फिरायचं, हा हिशेब मला जमत नाही. एकतर तीनाच्या दोन रात्री कर, नाहीतर संगीत रद्द कर. संगीत म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. ते त्याच्या हातात नसणार.

‘आणि नव्या नवरीला अख्खा दिवस समुद्रात काय करायचं?’ पलीकडून रश्मीने टोमणा मारला. तो खरं तर रास्त प्रश्न आहे. गर्दी, रांगा, रात्री दोनपर्यंत डीजे. पळून जायला जागा नाही. ज्यांना सकाळी एकट्याने फिरायला लागतं, अनोळखी गल्लीत चहा प्यावासा वाटतो, त्यांना तिसऱ्या दिवशी भिंती अंगावर येतात. मला आल्या. आईला नाही. बाबांना मी विचारलं नाही. परतीच्या दोन्ही रात्री ते पाचला मागच्या डेकवर होते, मी खाली जाऊन दोन चहा घेऊन यायची. शिरोड्याच्या मुलाची ड्यूटी दुसरीकडे लागली होती, तो पुन्हा दिसला नाही.

घरी आल्यावर बाबांनी एकदाच विषय काढला. ‘मस्त होतं सगळं,’ म्हणाले. ‘पुढच्या वेळी मात्र आपण मांडव्याला जाऊ, रो-रोने. तिथे बाहेर उभं राहता येतं.’

मी निनादला एवढंच सांगितलं, की बाकी कशातही काटकसर कर, खिडकी घे. रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला. ‘खिडकीवाली स्वस्तात मिळतेय! फक्त ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू लिहिलंय. म्हणजे काय गं?’

‘म्हणजे खिडकीतून लाइफबोट दिसते,’ मी लिहिलं. ‘फक्त लाइफबोट.’